दिपूमावशीचं राखीव पॅराशूट

“लखन, तुझे पाय आवर! माझ्या मांडीवर आधीच मावशीचा सगळा संसार आहे!”

“मग तो संसार खाली ठेव ना, नूतन!”

“खाली ठेवायचा नाही, मावशीने बजावलंय. टेम्पोचं ऑइल लागलं तर?”

“मग मी पाय कुठे ठेवू? डोक्यावर?”

“ठेव की! तिथे जागा रिकामीच आहे,” धम्मरत्न शांतपणे म्हणाला आणि टेम्पोच्या हौद्यात हशा पिकला.

मे महिन्याची सुट्टी, त्यात रविवार. सुरतच्या पांडेसऱ्यातली अर्धी पोरं अजून अंथरुणात लोळत होती, आणि ही तीन कार्टी सकाळी साडेपाचलाच आंघोळी उरकून टेम्पोत चढली होती. बारा वर्षांची नूतन ही या टोळीची म्होरकी. लखन तिचा चुलतभाऊ, तिच्यापेक्षा वर्षाने मोठा, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर! गल्लीच्या गणपतीत एकदा माइक त्याच्या हातात गेला की तो काढून घ्यायला दोन माणसं लागायची. आणि समोरच्या खोलीत राहणारा धम्मरत्न, म्हणजे धम्मू, सगळ्यांत लहान. त्याला दिसेल ते वाचायची खोड होती. बिस्किटाचा पुडा असो की औषधाची बाटली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही.

आणि ज्या मावशीच्या संसाराखाली नूतन दबली होती, ती दिपाली त्यांच्यासमोरच बसली होती. नूतनच्या आईची सगळ्यांत धाकटी बहीण. आठवडाभर ती एका साडीच्या पेढीत कॉम्प्युटरवर काम करायची आणि दर रविवारी पॅराग्लायडिंग शिकायला जायची. तीन वर्षं झाली! नातेवाइकांनी नावं ठेवली, शेजाऱ्यांनी कपाळावर हात मारले, पण बाई ढिम्म. आज पहिल्यांदाच ती पाहुण्यांसमोर उंच उडणार होती.

आता सुरत म्हणजे पोळपाटासारखा सपाट मुलूख. डोंगर नाही, टेकडी नाही. मग उडायचं कुठून? तर कडोदऱ्याच्या पुढे, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या शेतांत ‘गगनभरारी’ नावाच्या क्लबने विंच बसवलं होतं. विंच म्हणजे इंजिनावर फिरणारा भला मोठा रूळ आणि त्याला गुंडाळलेला किलोमीटरभर दोर. शेताच्या त्या टोकाला विंच, या टोकाला माणूस. दोर ओढला की माणूस पंखासकट पतंगासारखा वर!

“मावशी, ही लाल कडी कसली गं?” लखनने हात पुढे केला.

“हात लावशील तर हात मोडीन!” मावशी ओरडलीच. मग जरा हसून म्हणाली, “ते माझं राखीव पॅराशूट आहे, राजा. उडायला वरचा मोठा पंख असतोच. पण वाऱ्याने तो मुडपला आणि सावरलाच नाही, तर काय करायचं? ही कडी बघायची, धरायची, ओढायची आणि लांब फेकून द्यायची. आतून पांढरं पॅराशूट निघतं आणि फुलतं. दोन-तीन सेकंदांत!”

“आणि नाही फुललं तर?” धम्मूने विचारलं.

“शुभ बोल रे नाऱ्या!” लखनने त्याला टपली मारली.

“विचारू दे त्याला, प्रश्न बरोबर आहे,” मावशी म्हणाली. “फुलावं म्हणूनच तर दर सहा महिन्यांनी ते उघडायचं असतं. बरेच दिवस दाबून ठेवलेलं कापड चिकटतं. म्हणून त्याला सावलीत वारा द्यायचा, एकेक दोरी तपासायची आणि पुन्हा घडी घालायची. ती घडी ज्याने शिकून घेतलंय त्यानेच घालायची. आपल्या क्लबात ते संदीप सर करतात. मग कार्डावर तारीख लिहायची.”

कार्ड धम्मूने पॅराशूटच्या खिशातून केव्हाच बाहेर ओढलं होतं. “वीस एप्रिल. आणि सही… ही सही आहे की शाईत पडलेला डास चालत गेलाय?”

नूतन मात्र हसली नाही. तिचं लक्ष लाल कडीच्या बाजूच्या फटीकडे होतं. तिथून दोऱ्याचं एक टोक बाहेर डोकावत होतं. पोपटी आणि केशरी, दोन दोरे एकत्र पिळलेले!

तिने वाकून ते टोक नीट न्याहाळलं.

हा दोरा तिने रोज पाहिला होता. तिची आई, शोभाबाई, पांडेसऱ्यातल्या एका फोल्डिंगच्या कारखान्यात कामाला होती. रंगून, छापून आलेल्या साड्यांच्या तिथे घड्या घालायच्या. दुकानात साडी दहादा उचलली, दहादा आपटली, तरी घडी सुटू नये म्हणून तिच्या काठांना टाके मारायचे. आणि घडी चुकली तर ती कुणाच्या हातची ते मुकादमाला लगेच कळावं, म्हणून प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा. दोन रंग पिळून दोरा करायची ती फक्त शोभाबाई. सगळ्या पांडेसऱ्यात दुसरं कुणी नाही!

मग तो दोरा इथे कसा?

मैदानावर पोचल्या पोचल्या नूतनने दोघांना दंडाला धरून टेम्पोमागे ओढलं.

“वीस एप्रिल, वीस एप्रिल…” लखन मघापासून पुटपुटत होता. एकदम त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. “अरे यार! वीस एप्रिलला अमळनेरला भटूदादाची हळद होती! त्याचे दोस्त म्हणून संदीप सर चार दिवस आपल्याबरोबर तिथे होते. वरातीत नाचता नाचता त्यांची चप्पल तुटली, आठवतं?”

“म्हणजे घडी संदीप सरांनी घातलेलीच नाही,” धम्मू म्हणाला.

“घडी माझ्या आईने घातलीय,” नूतन म्हणाली आणि तिने दोऱ्याचं सगळं सांगितलं.

लखनचं तोंड उघडंच राहिलं. “शोभाकाकूने? पण काकूची घडी तर…”

“सुटत नाही. टाका मारला की घडी सुटतच नाही!”

पलीकडे दिपूमावशी गवतावर आपला निळा पंख पसरत गुणगुणत होती. तिला बघून नूतनचे डोळे भरून आले.

“अगं, मग आत्ताच्या आत्ता मावशीला सांगू या!” धम्मू म्हणाला.

“सांगायचं तर आहेच रे. पण आईचं नाव निघालं की सगळे तिच्यावरच तुटून पडतील. तिचं काम जाईल. आणि आपल्या सख्ख्या बहिणीच्या पॅराशूटला आपण टाके मारले हे तिला कळलं तर? ती खचून जाईल रे!” नूतनने नाक पुसलं. “आधी आईचं नाव न घेता बघू. नाहीच जमलं, तर मावशीचा पाय जमिनीवरून सुटायच्या आत मी बोंब मारून सगळं सांगेन. मग व्हायचं ते होवो!”

संदीप सर होते शेताच्या त्या टोकाला, विंचपाशी. त्यांच्याशी बोलायचा वॉकीटॉकी होता बन्सीलालकाकांच्या हातात. बन्सीलालकाका म्हणजे क्लबचे सर्वेसर्वा. अंगात पांढराशुभ्र सफारी, पायात पांढरेच बूट, आणि पोट असं की बूट स्वच्छ आहेत की नाहीत हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागे.

“काका, हे बघा ना, पॅराशूटमधून दोरा निघालाय,” नूतन म्हणाली.

“कुठाय?” काकांनी वाकून दोरा चिमटीत धरला, दातांनी कट्‌कन तोडला आणि फुंकून उडवून दिला. “हां! मिटला प्रश्न!”

तिघे बघतच राहिले. एवढा एकच पुरावा होता, तो काकांनी फुंकून टाकला!

“पण काका, घडी कुणी घातली?”

“कार्ड आहे, तारीख आहे, सही आहे. आणखी काय पाहिजे? मुलांनी मुलांच्या जागी राहावं. जा, सरबत प्या!”

“एकदा उघडून बघितलं तर?”

“वेड लागलंय का? उघडलं की पुन्हा घडी घालायला तीन तास! साठ पाहुणे बसलेत मांडवात. दिपाली, चल, तयार हो!”

दिपूमावशी जरा थबकली. “भाई, मुलं काय म्हणतायत?”

“काही नाही गं! पोरं आहेत, चाललाय टाइमपास!”

मावशीने नूतनकडे बघितलं. नूतनच्या ओठांवर शब्द आले होते. पण तेवढ्यात तिची नजर आंब्याच्या झाडाकडे गेली. आडव्या फांदीला जाड पट्ट्यांनी एक झुला टांगला होता. नव्या मुलांना हार्नेसमध्ये, म्हणजे उडायच्या पट्ट्यांच्या बैठकीत, बसवून पॅराशूट फेकायचा सराव द्यायचा तो झुला! झाडाच्या शेजारीच मांडव. आणि मांडवाच्या खांबाला माइक.

“लखन,” नूतन हळूच म्हणाली, “माइक पाहिजे का?”

एवढं म्हणायचा अवकाश! लखनने मांडवाकडे अशी धूम ठोकली की वाटेत सरबतवाल्याचे दोन पेले आडवे झाले.

“बहेनो ने भाईओ! नमस्कार!” कर्ण्यातून त्याचा आवाज शेतभर घुमला. “उड्डाणाआधी एक खास, एक अफलातून कार्यक्रम! आपले लाडके बन्सीलालभाई स्वतः झुल्यात बसणार, आणि संकट आलं तर राखीव पॅराशूट कसं फुलतं ते साऱ्यांना दाखवणार! जोरदार टाळ्या!”

मांडवातले साठ जण टाळ्या वाजवायला लागले. पहिल्या रांगेतले पांढऱ्या टोपीतले एक आजोबा तर उठूनच उभे राहिले. “वाह! अमारे जोवुं छे!” आम्हाला बघायचंय!

बन्सीलालकाकांचा चेहरा कारल्यासारखा झाला. “अरे, कुणी सांगितलं या पोराला…”

“काका, तुम्हाला भीती वाटत असेल तर राहू दे हं,” नूतन निरागसपणे म्हणाली. “मी सांगते सगळ्यांना तसं.”

“भीती? मला?” काकांनी सफारी खाली ओढला. समोर दोन-चार मोबाइल शूटिंगला सरसावले होते. आता मागे हटायचं कसं? तीन तासांची घडी ते पार विसरले. “चल, आण ते दिपालीचं हार्नेस! दोन मिनिटांचं काम!”

काकांना झुल्यात बसवणं हे मात्र दोन मिनिटांचं काम नव्हतं. पोटाचा पट्टा पुरेना. धम्मूने एका बाजूने ओढला, सरबतवाल्याने दुसऱ्या बाजूने. “श्वास आत घ्या, काका! अजून आत! अजून थोडा!” शेवटी एकदाचं कुलूप लागलं आणि काका आंब्याला लटकले. फांदी करकरली, दोन कैऱ्या टपाटप खाली पडल्या.

“बघा!” काका गरजले. “ही कडी. बघायची! धरायची! ओढायची! आणि ही… फेकली!”

पॅराशूटची पिशवी सुटली, हवेत गेली, पट्ट्याच्या टोकापर्यंत पोचली… आणि तशीच्या तशी झोका घेऊन परत आली! धप्प! थेट काकांच्या पोटावर!

मांडवात हसण्याचा स्फोट झाला.

“थांबा, थांबा! जरा जोर कमी पडला.” काकांनी पुन्हा फेकली. पुन्हा धप्प! मग त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी ओढून बघितली, हिसके दिले, शेवटी दात लावले. दात घसरले, पिशवी जशीच्या तशी. दुकानाच्या फळीवरची साडी असावी तशी चौकोनी, नीटनेटकी आणि बंद!

हसू हळूहळू विरत गेलं. कारण दिपूमावशी पुढे आली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पिशवीची कड उलटून बघितली. पोपटी-केशरी टाके ओळीने बसलेले होते, एकासारखा एक.

“हे… हे घेऊन मी वर जाणार होते?”

मोबाइल धरलेले हात खाली आले.

“त्या बाईने घात केला!” झुल्यात लटकलेले काका तांबडेलाल झाले. “ती फोल्डिंगवाली शोभाबाई! मी तिला स्पष्ट सांगितलं होतं, कापड महागाचं आहे, घडी अजिबात सुटता कामा नये! एवढं साधं काम…”

“ती माझी आई आहे!”

नूतन ओरडली. साठ माणसं तिच्याकडे वळून बघत होती. तरी ती पुढे झाली.

“काका, तुम्ही सांगितलंत घडी सुटता कामा नये. नाहीच सुटली! तुम्ही दात लावलेत तरी सुटली नाही! माझ्या आईने काम चोख केलं. पण ते कापड कशाचं आहे, ते तुम्ही तिला सांगितलंत का?”

काकांनी नजर आंब्याच्या फांद्यांकडे वळवली.

“सांगितलंत का, भाई?” दिपूमावशीने विचारलं.

“ते… म्हटलं, मंडपाचं नवीन कापड आहे म्हणून,” काका पुटपुटले. “संदीप लग्नाला गेलेला. सहा महिने उलटून गेले होते. कार्डावर तारीख, सही मीच ठोकली. मला वाटलं, रोज हजार साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बाया, त्यांना काय अवघड? कापड ते कापडच ना!”

“कापड ते कापड?” मागून आवाज आला. वॉकीटॉकीवर कुणी बोलेना म्हणून संदीप सर मोटरसायकल काढून आले होते. त्यांनी पिशवी हातात घेतली, टाके पाहिले आणि मटकन खालीच बसले. “बन्सीलालभाई, वर पंख मुडपला असता तर ही पोरगी दगडासारखी खाली आली असती! आणि कार्ड मीसुद्धा नीट बघितलं नाही. मुलांना दिसलं, आपल्याला दिसलं नाही!”

त्या दिवशी उड्डाण झालं नाही. पण घरी एक वेगळंच संकट उभं राहिलं. शोभाबाईंना जे कळू नये असं नूतनला वाटत होतं, ते त्यांना संध्याकाळपर्यंत तीन जणींनी तीन प्रकारे सांगितलं होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. चूल पेटली नाही, दिवा लागला नाही.

“मना हातनी घडी शे ती,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. माझ्याच हातची घडी आहे ती! “मनी बहीण मरी जाती वं, नूतन! मना टाकामुळे!”

“अक्का, मी ही काय समोर बसलेय, जिवंत!” दिपूमावशीने त्यांना गदागदा हलवलं. “आणि पुढच्या रविवारी मी उडणार आहे.”

“नही उडनं! मी सांगस ना, नही!”

दारात संदीप सर येऊन उभे होते. बगलेत तीच पिशवी. “शोभाताई, टाके मी उसवलेत. कापडाला इजा नाही, प्रत्येक भोक भिंगाने बघितलं. शिवाय तुमची सुई बारीक, टाका पिशवीच्या तोंडाला आणि काठाच्या पट्टीतच घातलेला. कंपनीलाही फोटो पाठवून विचारलं, ते हो म्हणालेत. आता घडी मी घालणार आहे. पण मला लांब टेबल हवं, आणि कापड ओळखणारा एक हात हवा. येता का?”

शोभाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि बहिणीकडे बघितलं. मग उठल्या.

तो आठवडा मुलांच्या सुट्टीतला सगळ्यांत भारी आठवडा! आधी दोन दिवस पॅराशूट फोल्डिंगच्या कारखान्यात, सावलीत, छताला टांगून ठेवलं. उन्हात बिलकूल नाही, कारण उन्हाने नायलॉन कुजतं. खाली लखन पहारा देत होता, कुणी बिडी पेटवून जवळ आलं की त्याचा कर्णा सुरू! धम्मूने पॅराशूटबरोबर आलेलं छापील पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून काढलं. मग साड्यांच्या त्या लांबलचक टेबलावर पॅराशूट पसरलं. एकेक दोरी सोडवून, मोजून, हातातून फिरवून बघितली. सर पाकळी पाकळी दुमडत जायचे आणि शोभाबाई तळहाताने हवा काढत मागे मागे यायच्या. दोऱ्या रबरात अडकवायच्या होत्या, पण अशा की जरा हिसका बसला की निसटाव्यात.

“झालं!” सर म्हणाले आणि वळून बघतात तो काय! शोभाबाईंच्या हातात दोरा ओवलेली सुई!

“काकूऽऽ!” “आईऽऽ!” तिघे एकदमच किंचाळले.

“माय वं!” शोभाबाईंनी जीभ चावली. “वीस वरीसनी सवय, हात आपोआप गया!” आणि रविवारनंतर पहिल्यांदाच त्या खळखळून हसल्या. धम्मूने सुयांची डबी उचलून थेट मुकादमाच्या कपाटात कुलूपबंद केली.

त्यानंतर सरांनी पॅराशूट आंब्याच्या झुल्यावर नेऊन फेकून बघितलं. पिशवी उडाली, दोऱ्या सर्रकन निघाल्या आणि पांढरं कापड गवतभर सांडलं! मग पुन्हा वारा, पुन्हा घडी. कार्डावर या वेळी स्वच्छ अक्षरात सही झाली आणि धम्मूने ती तीनदा वाचली.

दुसऱ्या रविवारी मांडवात साठ नव्हे, चांगले दोनशे लोक! झुल्याचं शूटिंग मोबाइलवरून सुरतभर फिरलं होतं ना! बन्सीलालकाका कोपऱ्यात मुकाट उभे होते. शोभाबाई पहिल्यांदाच मैदानावर आल्या होत्या. नूतनचा हात त्यांनी असा धरला होता की नूतनची बोटं दुखायला लागली.

“पॅराशूटची पिन?” सरांनी विचारलं.

“सरळ!” दिपूमावशी म्हणाली.

“कडी?”

“हाताशी!”

विंचचं इंजिन घरघरलं. दोर ताणला गेला, निळा पंख उभा राहिला, मावशी चार पावलं पळाली… आणि गेली! शंभर मीटर, दोनशे, तीनशे! वर तिने दोर सोडला आणि एक मोठ्ठं वळण घेतलं. लखनचा आवाज माइकवर फाटत होता. “आणि ही आमची दिपूमावशी! पांडेसऱ्याची शान! बघा, बघा, कशी…”

लखन थांबला. लखन कधीच थांबत नसे.

पलीकडच्या नांगरलेल्या रानातून धुळीचा एक खांब गरगरत वर चढला होता. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि कुठून ही वावटळ उठली कोण जाणे! बघता बघता निळा पंख थरथरला. अर्धा भाग मिटला आणि उरलेला अर्धा गोल गोल फिरायला लागला. त्याखाली मावशी, चिमुकली, भिंगरीसारखी!

“दिपूऽऽ!” शोभाबाईंनी किंकाळी फोडली.

“फेक!” संदीप सर वॉकीटॉकीत ओरडले. “दिपाली, फेक!”

नूतनला वर एक हात हललेला दिसला. काहीतरी बारीक, काळं, बाजूला उडालं. एक… नूतनने श्वास रोखला. दोन…

फट्ट!

पांढरं पॅराशूट फुललं! गोल, टम्म, एकही सुरकुती नसलेलं! गिरकी थांबली. दिपूमावशी त्याखाली सावकाश डुलायला लागली आणि हळूहळू, अगदी हळूहळू, शेजारच्या केळीच्या बागेत उतरली.

दोनशे माणसं एकदम ओरडली. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. लखन माइक टाकून पळत सुटला, धम्मू त्याच्यामागे. आणि या सगळ्यांच्या पुढे कोण? तर शोभाबाई! पायात चपला नाहीत, पदर खोचलेला, ढेकळं तुडवत त्या अशा धावत होत्या की संदीप सरांची मोटरसायकलसुद्धा मागे पडली.

दिपूमावशी केळीच्या पानांत बसली होती. कोपर खरचटलं होतं, केसांत माती होती आणि ती हसत होती, रडत होती, सगळं एकदमच करत होती. “उघडलं, अक्का! हात लावला आणि उघडलं!”

दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नूतन मध्येच घुसली आणि तिनेही रडून घेतलं ते घेतलंच.

संदीप सरांनी तिघा मुलांना ओळीने उभं केलं आणि सगळ्यांसमोर कडक सलाम ठोकला. “वीस वर्षं मी उडतोय. पण आज ही पोरगी जिवंत आहे ती तुमच्यामुळे. तुम्ही बघितलंत, विचारलंत आणि गप्प बसला नाहीत. आणि नूतन, आपल्या घरचं नाव येतंय हे माहीत असून तू बोललीस. ते मोठ्यांनासुद्धा जमत नाही!”

पांढऱ्या टोपीतल्या आजोबांनी तिघांच्या पाठीवर एकेक सणसणीत थाप मारली. “शाबाश! वाघ छो तमे!”

मग बन्सीलालकाका आले. पांढरे बूट चिखलाने माखलेले, पण आज त्यांना त्याची फिकीर नव्हती. त्यांनी शोभाबाईंसमोर हात जोडले. “ताई, चूक माझी होती आणि नाव तुमचं घेतलं. माफ करा. क्लबच्या खर्चाने तुम्हाला या कामाचं रीतसर शिक्षण देतो. शिकून झालं की क्लबची सगळी पॅराशूटं तुमच्या आणि संदीपच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक माणूस वर जाणार नाही.”

शोभाबाईंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. केळीच्या पानांवर पसरलेल्या त्या पांढऱ्या कापडाकडे त्या एकटक बघत होत्या. वाकून त्यांनी त्याच्यावरून हळूच हात फिरवला.

“आई, काय झालं गं?” नूतनने विचारलं.

“काही नाही, बेटा. वीस वर्षं घड्या घातल्या मी. लाखांनी घातल्या असतील,” शोभाबाई म्हणाल्या. “उघडलेली आज पहिल्यांदा बघितली.”